संध्याकाळच्या शाळेचा संत : डॉन बॉस्को



येत्या ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करील. आपण सगळे त्यांना डॉन बॉस्को ह्या नावाने ओळखतो. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी 'डॉन' लावतात, आपण 'फादर' लावतो तसे. (मुंबईत ह्या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे त्याच्याशी ह्या डॉनचा काहीही संबंध नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी एकदा तरी सांगावे लागते.)

डॉन बॉस्को म्हटले की आपल्यासमोर मोठी शाळा, मोठे मैदान आणि प्रवेशासाठी लागलेली पालकांची रांग उभी राहते. परंतु त्यांच्या कार्याची सुरुवात शाळेत झाली नाही. ती झाली शाळेबाहेरच्या वेळेत : रविवारी, सणाच्या दिवशी आणि काम सुटल्यानंतरच्या संध्याकाळी. मुलांच्या ज्या वेळेची कोणालाच काळजी नव्हती, तो वेळ ह्या माणसाने आपला मानला. त्यांच्या चरित्रातला हाच भाग आज जरा सविस्तर सांगणार आहे. बाकीचे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेच.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात, बेक्की नावाच्या छोट्या वाडीत झाला. घर शेतकऱ्याचे. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील वारले. आई मार्गारिता हिला लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु प्रार्थना आणि धर्मशिक्षण तिने मुलांना तोंडी शिकवले. जॉनला शिकायची ओढ होती. थोरला सावत्र भाऊ अँतोनियो ह्याला ते पटत नव्हते. नांगर धरणाऱ्या घरात पुस्तके कशाला, असे त्याचे म्हणणे. अँतोनियोला आपण खलनायक ठरवतो, पण वडील गेल्यानंतर शेताचा भार त्याच्यावरच होता हेही लक्षात घ्यावे. भांडण इतके वाढले की १८२८च्या फेब्रुवारीत आईने बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. जवळजवळ दोन वर्षे तो तिथे राबला. परत आल्यावर डॉन कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले. पण तेही लवकरच, १८३०च्या नोव्हेंबरात, निवर्तले.

लहानपणी जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ पाहून जॉन दोरीवरून चालायला आणि हातचलाखीचे प्रयोग करायला शिकला होता. रविवारी वाडीतल्या मुलांना जमवून तो खेळ करी. तिकीट नव्हते, पण अट होती : आधी रोझरी म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. पुढे किएरी गावी शिकत असताना पोटासाठी त्याने शिंप्याच्या दुकानात आणि कॉफीच्या दुकानात काम केले, आणि शाळासोबत्यांचे 'आनंद मंडळ' काढले. सेमिनरीत गेल्यावर सुट्टीत घरी आला की गावातल्या मुलांना जमवून वाचन-लेखन शिकवी. फी घेत नसे. मात्र नियमित यायचे, लक्ष द्यायचे आणि महिन्यातून एकदा पापनिवेदन करायचे. सुट्टीतला वर्ग ही कल्पना त्याने अशी धर्मगुरू होण्याआधीच राबवली होती.

५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तुरीन तेव्हा वाढत होते. इमारती उठत होत्या, कारखाने निघत होते, आणि डोंगराळ खेड्यांतून मुले कामासाठी शहरात येत होती. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी, फरसबंदीचे दगड बसवणारी. त्यांना घर नव्हते, ओळखीचा पॅरिश नव्हता. रविवारी काम बंद असे आणि ही मुले रस्त्यावर असत.

डॉन काफास्सो ह्या आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंबरोबर तरुण डॉन बॉस्को तुरुंगात जात. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले उवा-ढेकणांत पडलेली पाहून ते हादरले. त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सुटलेली मुले थोड्याच दिवसांत परत आत येत होती. सुटताना त्यांचे निश्चय चांगले असत, पण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नसे. ह्या मुलांना बाहेर एखादा मित्र असता, सणाच्या दिवशी त्यांची विचारपूस करणारा, तर त्यातली कितीतरी परत आत आली नसती, असे त्यांच्या मनाने घेतले. माझ्या मते पुढची सत्तेचाळीस वर्षे ह्या एका निरीक्षणातून निघाली आहेत.

८ डिसेंबर १८४१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. डॉन बॉस्को मिस्सासाठी वस्त्रे घालत होते. सॅक्रिस्टीत एक मुलगा कोपऱ्यात उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्साची सेवा करायला सांगितले. त्याला येत नव्हते. तेव्हा सेवकाने धूळ झटकायच्या दांड्यानेच त्याला बदडून हाकलले. डॉन बॉस्कोंनी तो आपला मित्र आहे असे सांगून त्याला परत बोलावून घेतले. मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, गवंडीकाम करणारा, आईवडील नाहीत. वाचता येते का, लिहिता येते का, गाता येते का, सगळ्याला उत्तर नकाराचे. शेवटी डॉन बॉस्कोंनी विचारले, शीळ तरी वाजवता येते का. मुलगा हसला. त्या दिवशीचा धडा म्हणजे क्रुसाची खूण. पुढच्या रविवारी तो सोबत्यांना घेऊन आला. दोन महिन्यांत वीसएक मुले झाली.

ही हकिगत डॉन बॉस्कोंनी पुष्कळ वर्षांनी, १८७०नंतर, आपल्या आठवणींत लिहिली. तपशिलांची छाननी अभ्यासक करीत असतात आणि करावीही. मला त्यातली शीळ महत्त्वाची वाटते. मुलाला काय येत नाही ह्याची यादी संपेपर्यंत आपण सगळेच विचारत राहतो. त्याला काय येते हे विचारायला थांबणारे थोडे.

ह्या रविवारच्या मेळाव्याला 'ऑरेटरी' हे नाव होते. शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थनेची जागा. डॉन बॉस्कोंच्या ऑरेटरीत सकाळी पापनिवेदन, मिस्सा, मग खेळ, धर्मशिक्षण, गाणी, परत खेळ असा दिवस जाई. शेकडो मुले येऊ लागली आणि मग सुरू झाली जागेची वणवण. मार्किझा बारोलो ह्या दानशूर बाईंच्या संस्थेत काही काळ निभावले, पण त्यांना आपल्या इमारतीची गरज होती. एका जुन्या दफनभूमीच्या आवारात गेले, तर तिथल्या धर्मगुरूंच्या घरकाम करणाऱ्या बाई आपल्या कोंबड्या बिथरल्या म्हणून भडकल्या. पिठाच्या गिरण्यांजवळ गेले, तर गोंगाटाच्या तक्रारी वरपर्यंत पोहोचल्या. मोरेत्ता नावाच्या घरात तीन खोल्या भाड्याने घेतल्या; शेजाऱ्यांनी कुरकुर केली आणि खोल्या सोडाव्या लागल्या. मग एका कुरणात उघड्यावर भरवले. कुरणाच्या मालकांनी गवत मुळापासून तुडवले गेले म्हणून नोटीस दिली. त्या वेळी शहराचा कारभार पाहणारे मार्क्विस कावूर (पुढे इटलीचे पहिले पंतप्रधान झालेल्या कामिल्लो कावूर ह्यांचे वडील) ह्यांना ह्या जमावात राजकारणाचा वास आला. रविवारी तिथे पोलीस दिसू लागले. काही धर्मगुरू मित्रांना तर डॉन बॉस्कोंचे डोके फिरले आहे असेच वाटू लागले.

ह्यात कोणी दुष्ट नव्हते. कोंबड्या बिथरतात, गवत तुडवले जाते, गोंगाट होतो हे खरेच आहे. आपल्या हॉलमागच्या दोन खोल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी उघडाव्यात का, ही चर्चा पॅरिश कौन्सिलमध्ये सुरू झाली तेव्हा विजेचे बिल, आवाज आणि शौचालयाची सफाई असे तीन मुद्दे पुढे आले. तिन्ही रास्त आहेत. तुरीनमध्येही ते रास्तच होते.

१२ एप्रिल १८४६, ईस्टर. वाल्दोक्को भागात पिनार्डी नावाच्या गृहस्थांच्या घरामागची एक शेड भाड्याने मिळाली. छप्पर इतके खाली होते की आत उभे राहता यावे म्हणून जमीन खणावी लागली. पुढच्या वर्षी आर्चबिशप दृढीकरण संस्कार द्यायला आले तेव्हा त्यांना डोक्यावरचा मुकुट काढावा लागला. पण ही जागा टिकली. आज तिथे मोठे महामंदिर आहे.

आता शिकवणीविषयी. सुरुवातीला डॉन बॉस्को फक्त रविवारी अक्षरे शिकवत. लवकरच अनुभव आला की मुले आठवडाभरात सगळे विसरतात. त्यांनी पद्धत बदलली. एक-दोन रविवार फक्त अक्षरे आणि जोडणी, मग लगेच धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतले पहिले एक-दोन प्रश्न वाचायला देत. आठवडाभर तेवढेच पुन:पुन्हा वाचायचे. मुलाला पुढच्या रविवारी काहीतरी वाचता येत असे आणि तो टिकून राहत असे. तरीही हे पुरेसे नव्हते. म्हणून १८४५च्या हिवाळ्यात मोरेत्ता घरातल्या त्या तीन खोल्यांत रोज संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. दिवसभर विटा वाहून आलेली मुले दिव्याच्या उजेडात पाटीपुस्तक घेऊन बसत. पुढे वाल्दोक्कोला स्वयंपाकघर, डॉन बॉस्कोंची झोपायची खोली, सॅक्रिस्टी, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरले. वाचन, लेखन, हिशेब, मग चित्रकला, संगीत.

शिकवायला माणसे कोठून आणली? काही धर्मगुरू मदतीला येत, पण ते पुरेसे नव्हते. त्यांनी थोडी पुढे गेलेली मुले निवडली. त्यांना स्वत: फुकट इटालियन, लॅटिन, फ्रेंच शिकवले आणि बदल्यात त्यांनी संध्याकाळी लहानांना शिकवायचे असे ठरवले. सगळी टिकली नाहीत. पण टिकलेल्यांतून पुढचे सहकारी तयार झाले. त्यांतले मिकेले रुआ हे लहानपणी डॉन बॉस्कोंच्या मुलांत मिसळणारे, नंतर त्यांचे पहिले उत्तराधिकारी.

पाठ्यपुस्तके नव्हती तर त्यांनी ती लिहिली. १८४७ साली मुलांसाठी बायबलचा इतिहास आला. मला अधिक कौतुक वाटते ते १८४९च्या दशमान पद्धतीवरील पुस्तिकेचे. त्यांच्या राज्यात १८५० पासून जुनी वजनमापे जाऊन मीटर, लिटर, किलोग्रॅम सक्तीचे होणार होते. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले आणि पाठोपाठ शेर-तोळे गेले, तेव्हा बाजारात काय गोंधळ झाला हे ज्येष्ठांना आठवत असेल. अशा वेळी अडाणी मजूर हमखास फसतो. डॉन बॉस्कोंनी हिशेबाची पुस्तिका तर काढलीच, शिवाय त्याच विषयावर मुलांकडून संवादरूपी नाटुकले बसवून घेतले. आत्म्याच्या तारणाची एवढी चिंता वाहणारा धर्मगुरू किलो आणि लिटर शिकवायला बसतो, ह्यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. शहरातले शिक्षणाचे जाणकार वर्ग पाहायला आले, नगरपालिकेने आर्थिक मदत दिली. त्या सुमारास तुरीनमध्ये ला साल बंधूंनीही संध्याकाळचे वर्ग काढले. हे श्रेय एकट्या डॉन बॉस्कोंचे नाही.

१८४६च्या उन्हाळ्यात ते मरणाच्या दारातून परतले. त्यांच्यासाठी मुलांनी कामावर असताना उपवास केले, पाळीपाळीने चर्चमध्ये प्रार्थना केली. बरे झाल्यावर नोव्हेंबरात ते आईला घेऊन पायी तुरीनला आले. मार्गारिता तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. गावातले घर, नातवंडे सोडून ती ह्या अनोळखी मुलांची आई झाली. लग्नातल्या वस्त्रांची तिने मिस्साची वस्त्रे करून दिली. १८४७च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री एक पोरका मुलगा दाराशी आला. त्याला स्वयंपाकघरात झोपवले. त्याआधी ज्यांना आसरा दिला होता ते पांघरुणे घेऊन पळाले होते, तरी. हा पहिला निवासी मुलगा. एकदा मुलांनी खेळताना तिने लावलेली भाजी तुडवली तेव्हा मार्गारिताने गावी परत जायचे म्हटले. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. ती राहिली, आणि १८५६च्या नोव्हेंबरात तिथेच वारली.

कामावर जाणाऱ्या मुलांची विचारपूस करायला डॉन बॉस्को आठवड्यात बांधकामांवर आणि दुकानांत जात. मालक मुलांना मारतात, घरची कामे करून घेतात, रविवारीही राबवतात हे त्यांनी पाहिले. १८५१-५२ पासून त्यांनी मालकांशी लेखी करार करायला सुरुवात केली. सुताराकडे उमेदवारीला ठेवलेल्या एका मुलाचा फेब्रुवारी १८५२चा करार उपलब्ध आहे. मालकाने धंदा नीट शिकवायचा, धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत, चुकल्यास तोंडी समज द्यायची, हात उगारायचा नाही, रविवार व सणाचे दिवस मोकळे ठेवायचे, मजुरी ठरल्याप्रमाणे द्यायची. मालक, मुलगा, जामीन आणि डॉन बॉस्को अशा सह्या. पुढे १८५३ पासून त्यांनी वाल्दोक्कोतच चांभारकाम आणि शिवणकाम, नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई असे कारखाने काढले. तरी रविवारची ऑरेटरी त्यांनी बंद केली नाही. संस्था वाढली की रस्त्यावरच्या मुलासाठी दार लहान होत जाते. त्यांच्याकडे ते झाले नाही.

सुट्टीचेही सांगायला हवे. तिकडे मोठी सुट्टी शरद ऋतूत, द्राक्षे उतरण्याच्या वेळी. चांगली वागणूक असलेल्या मुलांना घेऊन ते बेक्कीला जात आणि तिथून गावोगाव पायी सहल निघे. मुलांचे बँडपथक पुढे, नाटकाचे सामान मागे. गावातले धर्मगुरू आणि शेतकरी जेवू घालत, मुले गोठ्यात, माळ्यावर झोपत, संध्याकाळी चौकात नाटक होई, सकाळी मिस्सात गाणी. वर्षभर ह्यासाठी तालमी चालत. १८६४ सालच्या शेवटच्या मोठ्या सहलीत ते मोर्नेझे गावी पोहोचले. तिथे मरिया माझारेल्लो गावातल्या मुलींना शिवण आणि धर्मशिक्षण देत होती. १८७२ साली ह्या दोघांनी मिळून मुलींसाठी काम करणारा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. धर्मगुरू व बंधूंचा सलेशियन संघ त्याआधी १८ डिसेंबर १८५९ रोजी स्थापन झाला होता. त्यात आलेले बहुतेक सगळे त्याच अंगणात खेळलेले तरुण होते.

तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाची एक सवय म्हणून सांगतो : 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ मोकळा वेळ असा होता. कामाच्या ओझ्यातून सुटलेला वेळ, ज्यात माणूस माणूस होतो. ग्रीकांनी तो श्रीमंतांच्या मुलांपुरता ठेवला. डॉन बॉस्कोंनी ग्रंथ लिहून ह्यावर वाद घातला नाही. त्यांनी गवंड्याच्या पोराला तो वेळ मिळवून दिला. १८७७ साली त्यांनी आपली पद्धत थोडक्यात मांडली, तीही पानेच थोडी : विवेक, धर्म आणि प्रेमळ वागणूक. मूल चुकेपर्यंत थांबून शिक्षा करण्यापेक्षा चूक घडण्याआधी त्याच्या शेजारी असावे. पद्धत सोपी वाटते. अडचण अशी की त्यासाठी तिथे हजर राहावे लागते, रोज.

ही अडचण त्यांच्या हयातीतच समोर आली. मे १८८४ मध्ये ते रोममध्ये होते. वय अडुसष्ट, पाय सुजलेले, डोळे अधू. तिथून त्यांनी वाल्दोक्कोला एक पत्र पाठवले. स्वप्नात आपल्याला अंगण दोन प्रकारे दिसले असे त्यात आहे. जुन्या अंगणात धर्मगुरू मुलांबरोबर धावत होते. आताच्या अंगणात मुले कंटाळलेली, कोपऱ्यात कुजबुजणारी, आणि शिक्षक दुरून नजर ठेवून आपापसांत बोलत असलेले. इमारती मोठ्या झाल्या होत्या, शिकवणे बंद पडले नव्हते. मुलांवर प्रेम होतेच, पण ते मुलांना जाणवत नव्हते, आणि म्हाताऱ्या डॉन बॉस्कोंना रडू आले ते ह्यासाठी.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे त्यांनी देह ठेवला. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यांना संतपद जाहीर झाले. सलेशियन १९०६ साली भारतात तंजावरला आले, १९२८ साली मुंबईत. माटुंग्याची शाळा आणि साहाय्यमाता मरियेचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आपल्या दोन खोल्यांविषयी : कौन्सिलने विजेचा आणि सफाईचा खर्च वर्षभर चर्चच्या निधीतून करायला मान्यता दिली आहे. वेळ सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळचा वर्ग घेण्याचा विचार आहे. टेबले आहेत, पंखे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतील अशी कॉलेजात जाणारी मुले-मुली आणि निवृत्त शिक्षक हवे आहेत, निदान दहा जण. मुले कोणत्याही धर्माची आली तरी चालतील. नावे चर्च ऑफिसात किंवा मिस्सानंतर माझ्याकडे द्यावीत.